गार्डिओलाने सामने जिंकले, की त्याच्या हाताखाली संघाने?

टिळकवाडी: बेळगावातल्या आमच्या मंडळाच्या अंकासाठी फुटबॉल कोचवर लिहितोय. वाक्य होतं, "गार्डिओलाने तीन देशांत सलग विजयांचे विक्रम केले." बार्सिलोना २०१०-११ मध्ये १६, बायर्न २०१३-१४ मध्ये १९, मँचेस्टर सिटी २०१७-१८ मध्ये १८. तिन्ही आकडे त्या त्या लीगमधले तेव्हाचे उच्चांक. मुद्रितं तपासणाऱ्या काकांनी "गार्डिओलाने" खोडलं. तो मैदानात उतरला होता काय, म्हणाले. "त्याच्या हाताखाली संघाने" असं कर. मला "हाताखाली" म्हटलं की साहेबापुढचा कारकून दिसतो. तुम्ही काय लिहाल?

खानापूर: काकांचं बरोबर आहे. आमच्या तालमीत "अमक्या वस्तादांच्या हाताखाली तयार झाला" असंच म्हणतात. त्यात कमीपणा कसला? पोरगा ते अभिमानाने सांगतो.

शहापूर: हे कन्नडमधलं "कैकेळगे" आहे, शब्दाला शब्द. मराठीत "मार्गदर्शनाखाली" लिहावं.

निपाणी: जुळलं म्हणजे उचललं असं नव्हे. पुण्यातही "हाताखालची माणसं" म्हणतात, तिथे कुठलं कन्नड? "मार्गदर्शनाखाली" सत्काराच्या पत्रिकेत शोभतं.

शहापूर: पत्रिकेत शोभतं म्हणून लेखात का नको? हाताखालचा माणूस हुकूम पाळतो. कोच दिशा दाखवतो.

खानापूर: पी. के. बॅनर्जी बघा की. १९७५ च्या आयएफए शील्ड स्पर्धेच्या फायनलला ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-० हरवलं, कोच पी. के. मग तेच बागानकडे गेले आणि १९७७ ला बागानने शील्ड, ड्युरँड, रोव्हर्स या तिन्ही स्पर्धा जिंकल्या. संघ बदलला, घडवणारा हात तोच. "मार्गदर्शन" म्हटलं की हा हात दिसत नाही.

कॅम्प: मग सरळ वस्तादच लिहा. कोच कशाला?

निपाणी: वस्ताद लाल मातीतला. फुटबॉलला तो शब्द लागत नाही.

कॅम्प: लागतो. कोल्हापुरात पाटाकडील तालीम फुटबॉलच खेळते की.

शहापूर: वस्ताद फारसी, तालीम अरबी. कोच नको म्हणून हे घ्यायचे?

कॅम्प: कुस्ती या दोन शब्दांशिवाय बोलून दाखवा. कुस्तीही फारसीच.

टिळकवाडी: अंक छापायला जातोय. "हाताखाली" ठेवू काय?

वडगाव: आमच्याकडे "मॅच मारली" म्हणतात, कुस्ती मारली तसं. पण "मैदान मारलं" आधीचं की "कुस्ती मारली"? मला मैदान आधीचं वाटतं, लढाईतून आलेलं.

निपाणी: लढाईतून कशाला? बाजी मारणं बघा, ते खेळातलंच.