दहावीचा उत्क्रांतीचा धडा पालकांच्या मतावर ठरवायचा का?

गिरणाकाठ
मुलगी दहावीला, राज्य मंडळाची मराठी शाळा, चाळीसगाव तालुका. विज्ञान भाग 2 चा पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. शिक्षक-पालक संघाच्या बैठकीत काही जण म्हणाले, उत्क्रांती शिकवू नका, शास्त्रज्ञांचंच एकमत नाही, आणि केंद्राची पुस्तकं तयार करणाऱ्या एनसीईआरटीने दहावीतून ती काढलीच की. पुढच्या बैठकीत हात वर करून मत घेणार आहेत. मी संघात आहे. काय बोलू?

कपाशी_पारोळा
मी त्या पालकांच्या बाजूचा. 2002 ला बीटी कपाशी आली, अळीला मारणारं विष झाडातच तयार होणारी, तेव्हा सांगितलं, बोंडअळीची चिंता मिटली. 2017 ला गुलाबी अळीने बोंडं पोखरली, लोकांनी उभ्या कपाशीत नांगर घातला. ज्यांचं सांगणं पंधरा वर्षं टिकत नाही, त्यांनी आमच्या पोरांचं ठरवावं?

मास्तर_अमळनेर
भाऊ, राग खरा आहे. त्या वर्षी माझ्याही शेतात बोंड फोडलं की आत अळी आणि किडकी सरकी. पण ती अळी आली कुठून ते बघा. लाखो अळ्यांत बीटीचं विष पचवणाऱ्या मोजक्याच असतात. बाकीच्या मेल्या, या उरल्या, यांचीच पिल्लं वाढली. दर हंगामात हेच. याच धड्यातली नैसर्गिक निवड ती हीच, आपल्याच बांधावर घडलेली.

आणि धोका आधी माहीत होता, म्हणून तर 450 ग्रॅम बीटी बियाण्यासोबत 120 ग्रॅम नॉन-बीटीचं पाकीट यायचं. कडेला ते लावलं तर साध्या अळ्याही जगतात, त्यांच्याशी संकर होऊन विष पचवण्याचा गुण लवकर पसरत नाही. हे शेतकऱ्याला कुणी नीट समजावलं नाही, याची मला अजून चीड येते.

वाद आहेतच. दोष किती त्या न लावलेल्या पाकिटाचा, किती फरदडीचा (हंगाम संपल्यावरही शेतात उभी ठेवलेली कपाशी), किती लांब मुदतीच्या वाणांचा, यावर तज्ज्ञ आजही भांडतात. अळी बदलली यावर कुणी भांडत नाही. उत्क्रांतीतही तसंच: कोणती शाखा कधी फुटली, वेग किती, यावर वाद. सजीव बदलत आले यावर नाही. मुलांना दोन्ही सांगावं, काय पक्कं आणि काय अजून शोधात.

एनसीईआरटीने कारण दिलं ते ओझं कमी करण्याचं, सिद्धांत खोटा असं नव्हे. बारावीच्या जीवशास्त्रात तो धडा आहेच. तरी 2023 मध्ये 1800 हून जास्त शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी विरोधाचं पत्र काढलं.

गिरणाकाठ, बैठकीत सांगा: सहल कुठे न्यायची, जादा तास कधी, यावर मत घ्या. अळी कशी बदलली ते हात वर करून ठरत नाही. पुस्तकात काय असावं ते विषय जाणणाऱ्यांनी ठरवावं, मात्र पालकांनी विचारलं तर पुरावा दाखवायला ते बांधील हवेत.

कपाशी_पारोळा
अळीचं पटलं. माणसाचं नाही. आणि पुरावा दाखवतो कोण? आम्ही विचारलं की म्हणतात, तुम्हाला काय कळतं.

मास्तर_अमळनेर
असं म्हणणारा शिक्षक चुकतो, ते बैठकीत तोंडावर सांगा. माणसाचे पुरावे वेगळे आहेत, जीवाश्म आणि जनुकं. इथे चार ओळींत मावणार नाहीत. वेगळा धागा काढा, मी लिहितो.

गिरणाकाठ
मतदानाऐवजी विज्ञानाच्या बाईंनी तो धडा पालकांसमोर शिकवावा आणि आम्ही प्रश्न विचारावेत, असा विषय मांडतो. डिसेंबरात मुलांना कपाशीत न्यायचंही बोलतो.