डेनिमचा शर्ट ड्रेस: रोजचा कपडा की कॉलर लावलेला गाऊन?

लोकलवाली
काल नणंदेकडे बारसं होतं. मी डेनिमचा शर्ट ड्रेस घालून गेले. म्हणजे शर्टाची कॉलर, गळ्यापासून खालपर्यंत बटणं, कमरेला त्याच कापडाचा पट्टा, लांबी गुडघ्याखाली चार बोटं. नणंदेच्या सासूबाई म्हणाल्या, "ऑफिसातून थेट आलीस वाटतं." त्यांच्याच शेजारी बसलेल्या आमच्या आत्येसासूबाई म्हणाल्या, "अगंबाई, गाऊनवरच आलीस?" एक कपडा, एक खोली, दोन मतं!

मी दीड वर्ष हा ड्रेस वापरतेय. सकाळी डबे भरते, डोंबिवलीहून सव्वाआठच्या फास्ट लोकलला लटकते, दिवसभर ऑफिस, येताना स्टेशनबाहेरून भाजी, कधी त्यातच पोराच्या शाळेतली मीटिंग. ओढणी सांभाळायची नाही, मॅचिंग शोधायचं नाही, इस्त्री नसली तरी कोणाला कळत नाही. आणि खिसे! पास, मोबाईल, सुटे पैसे सगळं मावतं. पंजाबी ड्रेसला खिसा लाव म्हटलं की आमचा शिंपी "ताई, लुक जातो" म्हणतो. माझं म्हणणं एवढंच, की नोकरी करणाऱ्या बाईला रोजच्यासाठी याहून सोयीचा कपडा नाही. पटत नसेल तर या.

वऱ्हाडी ठेचा
आलेच. डोंबिवलीत बसून "रोजच्यासाठी" म्हणू नका बाप्पा. आमच्या चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. तेव्हा अंगावर डेनिम म्हणजे गोधडी पांघरून चुलीपुढे बसणं. आम्ही सुती कुर्ता, सैल पायजमा आणि दुपट्टा घालतो. ओढणी नाही म्हणून तुम्ही खूश आहात, इकडे दुपट्टा डोक्या-तोंडाला बांधल्याशिवाय कोणी गाडी काढत नाही.

लोकलवाली
अहो, पण हे जीन्सचं कापड नाही. चांगलं पातळ असतं.

काजबटण
यात थोडं बोलतो, तयार कपड्यांच्या धंद्यात वीस वर्षं गेली आहेत. डेनिमचं वजन औंसात सांगतात, चौरस यार्डाला किती औंस, असं. जीन्सचं कापड साधारण 12 ते 14 औंसाचं. शर्ट आणि असले ड्रेस 4 ते 6 औंसात होतात. 5 औंस म्हणजे चौरस मीटरला 170 ग्रॅमच्या आसपास. दुकानात पुष्कळदा "डेनिम" म्हणून शँब्रे देतात. कापड उलटं करून बघा. डेनिमचा उभा धागा निळा, आडवा पांढरा आणि वीण तिरपी, म्हणून आतली बाजू पांढुरकी दिसते. शँब्रेचेही धागे तसेच, पण वीण साधी, त्यामुळे दोन्हीकडून जवळपास सारखंच दिसतं.

लोकलवाली
आत्ता कपाटातून काढून बघितला. दोन्हीकडून सारखाच आहे. 😐

वऱ्हाडी ठेचा
म्हणजे वाद मी जिंकले. पातळ, साध्या विणीचं सुती कापड बरं, हेच मी सांगत होते. निळा सुती झगा म्हणा की सरळ.

रत्नांग्रीकर
उन्हाळ्याचं ठीक. पावसाळ्याचं काय? आमच्याकडे जून ते सप्टेंबर दोरीवरचा कपडा दोरीवरच म्हातारा होतो. बायकोने हौसेने असला ड्रेस घेतला. चौथ्या दिवशी बाकी सगळा सुकला, पण कॉलर आणि बटणपट्टी ओलीच, कारण तिथे कापड दुहेरी आणि आत कॅनव्हास. पाचव्या दिवशी कुबट वास. सहाव्या दिवशी बटणांभोवती गंजाची वर्तुळं. शिवाय पहिल्याच धुण्यात माझे तीन बनियन आकाशी झाले. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवला होता, तरी.

काजबटण
मिठाने नीळ, म्हणजे डेनिमचा निळा रंग, पक्की होत नाही हो. ही नीळ सुताशी रासायनिक जोड करत नाही, बरीचशी धाग्याच्या बाहेरच्या थरातच बसते, गाभा पांढराच राहतो. म्हणून घासली की सुटते. डेनिम जिथे झिजतं तिथे पांढरं पडतं तेही याचमुळे. उलटा करून, गार पाण्यात, एकटाच धुवा. पांढरी पर्स मात्र लांब ठेवा.

दुचाकीवरची
मी पुण्यात रोज बारा किलोमीटर गाडी चालवते. पुढून उघडा कपडा गाडीवर काय करतो ते चालवणारीलाच माहीत. शेवटचं बटण गुडघ्याशी संपतं आणि त्याखालचे दोन पदर वाऱ्यावर पताका. दुसरं म्हणजे छातीवरची फट. हँडल धरायला हात पुढे केले की दोन बटणांच्या मधे कापड तोंड उघडतं. मोठा साईज घ्यावा तर खांदे कोपराकडे निघतात. आत लेगिंग आणि बनियन घालायचं तर मग "एकच कपडा" कुठे राहिला?

शिवणक्लास
फटीला इलाज आहे. दोन बटणांच्या बरोब्बर मधे आतून टिचबटण लावायचं, बाहेरून दिसत नाही. शिंप्याचं दहा मिनिटांचं काम. खालचे पदर उडतात त्याला एकच उपाय, अजून दोन काजं. आणि तयार ड्रेस असेल तर शिवलेल्या पट्टीत काज करायला शिंपी कुरकुरतो, हेही सांगून ठेवते.

दोन पोरांची आई
सगळे उडणाऱ्या पदरांचं बोलताय. मी दोन्ही वेळेला पुढून बटणांचा असाच ड्रेस वापरला. एसटी स्टँडवर रडणाऱ्या पोराला घेऊन बसायचं असेल तर मधली दोन बटणं काढली की झालं. कुर्ता गळ्यापर्यंत वर करत बसा म्हणजे कळेल! फिडिंग कुर्त्याच्या चेन तिसऱ्या महिन्यात अडकायला लागल्या होत्या. या एका गोष्टीसाठी मी बाकीचे दहा दोष माफ करते.

जुनं खोड
साडीत आपल्या आयांनी सगळं केलंच की. पाजलं, शेतात राबल्या, गाड्याही पकडल्या.

दोन पोरांची आई
तुम्ही नेसून एकदा दादर स्टेशनचा जिना चढा, मग बोलू.

शिवणक्लास
मला खरं तर "गाऊन" या टोमण्यावर बोलायचंय. 1942 साली अमेरिकेत क्लेअर मॅकार्डेल या डिझायनर बाईंनी पॉपओव्हर नावाचा डेनिमचा ड्रेस काढला. पुढून गुंडाळून नेसायचा, भलामोठा खिसा, किंमत 6 डॉलर 95 सेंट, आणि सोबत गरम भांडं धरायचा हातमोजा! युद्धामुळे घरकामाला माणसं मिळत नव्हती, बाईला ओट्यापाशी काम करून तसंच पाहुण्यांसमोर यावं लागे. त्यासाठीच तो बेतलेला. शर्ट ड्रेस नव्हे, पण जवळचा नातेवाईक.

वऱ्हाडी ठेचा
थांबा थांबा. म्हणजे आत्येसासूबाई बरोबर होत्या?

लोकलवाली
बरोबर होत्या. आणि नणंदेच्या सासूबाईही. दोघींना फोन करून सांगणार नाहीये मात्र.

काजबटण
जाता जाता एक. घेणार असाल तर गडद घ्या, घासून फिका केलेला नको. तो फिकेपणा धुऊन-घासून आणलेला असतो, त्यात पाणी आणि रसायनं जातात. उल्हासनगरला कामाला जायचो तेव्हा वालधुनी नदी काही दिवस चक्क निळी वाहायची. जीन्स धुणाऱ्या कारखान्यांचं पाणी. पुढे नदीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या निळ्या पाण्यावर माझंही घर चालत होतं, म्हणून फार शहाणपणा शिकवत नाही.

लोकलवाली
बरं, पावसाळा सोडला. मे सोडला. गाडीवाल्यांनाही सोडलं. उरलेले सात महिने, लोकलने जाणाऱ्यांसाठी, माझं म्हणणं कायम. खिशांबद्दल कोणी चकार शब्द काढलेला नाही, याची नोंद घ्यावी.

रत्नांग्रीकर
सात महिने म्हणजे "रोजचा" नव्हे, हंगामी कामगार झाला तो.

वऱ्हाडी ठेचा
खिशांबद्दल काढते ना शब्द. शिवणक्लास ताई, मलमलचा असाच शिवायचा असेल, कॉलर, दोन खोल खिसे, लांबी पोटऱ्यांपर्यंत, तर 36 पन्ह्याचं कापड किती आणू?

शिवणक्लास
साडेतीन मीटर आणा. पण मलमल आरपार दिसते, अस्तर लागेल. ते वेगळं घ्या.

वऱ्हाडी ठेचा
अस्तर लावलं तर गरम नाही का होणार?

लोकलवाली
😂😂