अंडकोश नेमका कुणाचा?

शाईपेन : रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकाचा अनुवाद करतेय. वृषणं ज्या पिशवीत असतात तिला मी 'अंडकोश' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी लाल रेघ मारली, 'हा बायकांचा अवयव, पुरुषांचा वृषणकोश.' आमच्या घरी तर 'अंडवृद्धी' (वृषणाची सूज) पुरुषांनाच व्हायची! चूक कुणाची?

त्रिफळा : कुणाचीच नाही. अंड म्हणजे वृषण हा जुना वापर. स्त्रीच्या 'बीजांडकोशा'लाही अंडकोश म्हणतात, म्हणून घोळ. तुम्ही वृषणकोशच ठेवा, भलत्याच अवयवाची तपासणी नको.

पाणिनीचा_पुतण्या : वृषण 'वृष्' धातूवरून, म्हणजे वर्षाव करणं. वर्षा आणि वृषभ त्याच घरातले. बाकी कोश की कोष, हे आधी ठरवा. संस्कृतात दोन्ही चालतात.

खटपट्या : दवाखान्यात अवघडून बसलेला माणूस 'गोटी दुखतेय' म्हणतो आणि डॉक्टरला कळतं. धातू कशाला?

शाईपेन : मग पत्रकात गोट्या छापू का?

खटपट्या : कंसात छापा. वाचतील तरी.

त्रिफळा : मला 'कोश'च खटकतो, बंद डबीसारखा वाटतो. ही पिशवी सारखी कामात असते. शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा २-३ अंश कमी तापमान लागतं, म्हणून ती थंडीत आक्रसते आणि उकाड्यात सैल पडते. त्यापेक्षा शेजारच्या अवयवाचं 'अधिवृषण' हे नाव छान. वृषणाच्या पाठीवर बसलंय म्हणून 'अधि'. जेमतेम बोटभर लांबीचं, पण आत गुंडाळलेली नळी सुमारे ६ मीटरची! शुक्राणू पोहण्याजोगे होतात ते तिथून जाताना.

पाणिनीचा_पुतण्या : शुक्राणू नव्हे, शुक्रजंतू. आम्ही शाळेत तेच शिकलो.

त्रिफळा : जंतू म्हटलं की लोक औषध मागतात.

पाणिनीचा_पुतण्या : जंतू म्हणजे जन्मलेला जीव, रोगाशी संबंध नंतर आला. डच संशोधक लेवेनहूकने १६७७ मध्ये सूक्ष्मदर्शकातून पाहिले तेव्हा त्यालाही ते वळवळणारे बारीक प्राणीच वाटले होते.

खटपट्या : खरा घोळ 'नसबंदी'त आहे. 'नस कापली की ताकद जाते' म्हणून माझा मामा आयुष्यभर घाबरला. कापतात ती नस नाहीच.

त्रिफळा : बरोबर, ती शुक्रवाहिनी. रक्तवाहिनी नाही की मज्जातंतू नाही. वीर्यातला बहुतांश द्रव शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा, शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर वीर्य कमी झालंय हे सहसा जाणवतही नाही. आणि ताकदीचं म्हणाल तर संप्रेरक (हार्मोन) रक्तातून जातं, त्याला ही नळी लागतच नाही.

पाणिनीचा_पुतण्या : 'वीर्य' म्हणजे मुळात पराक्रम. आयुर्वेदात औषधालाही वीर्य असतं, शीत नाहीतर उष्ण. तुमच्या मामांची भीती त्या शब्दातूनच आली.

खटपट्या : मामाला आयुर्वेद माहीत नव्हता, शेजारी माहीत होते.

शाईपेन : बाईंना काय कळवू ते अजून कुणी सांगितलं नाही. त्यात पुढच्या पानावर प्रोस्टेट आलंय. पुरःस्थ ग्रंथी की अष्ठीला?

पाणिनीचा_पुतण्या : अष्ठीला! अष्ठीला म्हणजे गोल खडा. नेमकं वर्णन.

त्रिफळा : पण 'वाताष्ठीला' हा लघवी अडण्याचा विकार आहे. रोगाचं नाव अवयवाला कसं द्यायचं?

खटपट्या : प्रोस्टेट लिहा हो. लघवी अडलेला माणूस कोश उघडून बसत नाही.

पाणिनीचा_पुतण्या : कोष.