बिछायतवाल्याच्या साउंडवर सुगम संगीत: शिट्टी, घूंऽऽ आणि एको यांचं काय करायचं?

गायिका_प्रतापनगर
नमस्कार मंडळी. आमचा नागपूरचा सुगम संगीताचा ग्रुप आहे: दोन आवाज, पेटी, तबला, बासरी, कीबोर्ड आणि एक निवेदक. सगळे बसून. गणपती ते कोजागिरी सोसायट्यांमध्ये आणि लॉनवर कार्यक्रम असतात. देशपांडे सभागृहासारख्या ठिकाणी फारशी अडचण येत नाही. पण बाकी ठिकाणी आयोजक मंडप-खुर्च्यांसोबत साउंडही बिछायत केंद्रालाच देऊन टाकतात. मग एक मुलगा दोन टॉप (लोकांकडे तोंड केलेले स्पीकर), मिक्सर आणि चार माइक घेऊन येतो. मॉनिटर (स्टेजवर आम्हाला आमचा आवाज ऐकवणारा स्पीकर) एकच, तोही मागितला तर. पेटी वाढवली की शिट्टी, कीबोर्ड लावला की घूंऽऽ, आणि निवेदनापासून भैरवीपर्यंत सगळ्यावर एको. सांगायला गेलं की "ताई, कालच्या ऑर्केस्ट्राले तं चाललं".

स्वतःचा साउंड इंजिनिअर नेण्याइतकं मानधन नसतं. भांडण न करता काय काय करता येईल? "चांगला साउंड घ्या" सोडून नेमकं सांगा.

फेडर_रेशीमबाग
ताई, त्या मुलाला बहुतेक वेळा "गाण्याचा कार्यक्रम आहे" एवढंच सांगितलेलं असतं. चार माइक तो भाषणाच्या हिशेबाने आणतो. म्हणून ॲडव्हान्स ठरतानाच आयोजक आणि बिछायतवाला, दोघांनाही व्हॉट्सॲपवर यादी टाका. फक्त आयोजकाला पाठवली तर ती त्याच्याच फोनमध्ये राहते.

तुमच्या ग्रुपची यादी अशी: गायन २, पेटी १, तबला १, डग्गा १, बासरी १, कीबोर्ड १, निवेदन १. झाले ८ चॅनल, म्हणजे मिक्सर निदान १२ चा. बुटके बूम स्टँड ६, आणि हे मुद्दाम लिहा. नाहीतर पेटीचा माइक टॉवेलच्या गुंडाळीवर ठेवला जातो आणि भात्याची प्रत्येक हालचाल त्यात ऐकू येते. मॉनिटर २, वेगवेगळ्या ऑक्सवर (ऑक्स म्हणजे मिक्सरमधून मॉनिटरला वेगळा आवाज पाठवणारी वाट). मिक्सर स्टेजच्या बाजूला नको, प्रेक्षकांमध्ये हवा. टॉपच्या मागे बसलेल्या माणसाला समोर काय ऐकू येतं ते कळूच शकत नाही. बिचारा अंदाजाने पॉट (मिक्सरवरची गोल बटनं) फिरवत बसतो आणि शिव्या खातो.

आता मॉनिटर. तो प्री-फेडर ऑक्सवर हवा, म्हणजे फेडरच्या (समोरचा आवाज वर-खाली करणाऱ्या सरकपट्टीच्या) आधीच निघणारा. पोस्ट-फेडरवर असला तर समोरच्या लोकांसाठी त्याने फेडर वाढवला की तुमच्या मॉनिटरमध्येही तेवढंच वाढतं आणि शिट्टी सुरू. बऱ्याच मिक्सरवर ऑक्सच्या पॉटजवळ "प्री" असं बटन असतं, ते दाबलंय का पाहा. आणि साउंड चेक झाल्यावर गेन (सिग्नल मिक्सरमध्ये शिरतानाच वाढवणारा पॉट) हलवायचा नाही, जे करायचं ते फेडरवर. गेन हलला की प्री-फेडर मॉनिटरही हलतो. हे एक वाक्य त्याला सुरुवातीलाच प्रेमाने सांगून ठेवा, अर्धा कार्यक्रम सुधारतो.

शिट्टीचं गणित साधं आहे. तोंड माइकपासून २० सेंमीवरून १० वर आणलं की साधारण ६ डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) फुकट मिळतात. उलट, उघडे माइक दुप्पट झाले की फीडबॅकच्या (म्हणजे शिट्टीच्या) आधीची जागा साधारण ३ डीबीने कमी होते. म्हणून निवेदकाचा माइक गाण्यात म्यूट आणि बासरी नसलेल्या गाण्यात बासरीचा माइक बंद. गाण्याच्या एसएम५८ सारख्या कार्डिऑइड (मुख्यतः समोरूनच ऐकणाऱ्या) माइकला बरोब्बर पाठीमागून सगळ्यात कमी ऐकू येतं, तेव्हा मॉनिटर माइकच्या शेपटीच्या रेषेत ठेवायचा. सुपरकार्डिऑइड (समोरून त्याहून अरुंद ऐकणारा) असेल तर ही जागा माइकच्या तोंडापासून १२५ अंशांच्या आसपास सरकते, मॉनिटर थोडा तिरपा लावा. आणि बाप्पा, माइकची जाळी मुठीत धरू नका! मागची छिद्रं झाकली की तो माइक चारी बाजूंनी ऐकायला लागतो.

सूर_आणि_सोल्डर
घूंऽऽ बद्दल. कीबोर्डची पी-३८ (मोठ्या जॅकची) वायर थेट २० मीटर लांब मिक्सरपर्यंत ओढली की ती अँटेनाच झाली. ती अनबॅलन्स्ड (बाहेरचा गोंगाट आत घेणारी) असते, ५-६ मीटरच्या पुढे जाऊ देऊ नका. कीबोर्डच्या शेजारी डीआय बॉक्स (सिग्नल लांब नेण्याजोगा बॅलन्स्ड करणारी डबी), त्यातून एक्सएलआर (माइकला असते ती तीन पिनांची वायर) स्टेजबॉक्सला (स्टेजवरच्या सगळ्या वायरी मिक्सरकडे नेणारा डबा). पॅसिव्ह, ट्रान्सफॉर्मरवाला डीआय घ्या. त्याला ४८ व्होल्ट फँटम (मिक्सरकडून येणारी वीज) लागत नाही आणि ग्राउंड लिफ्टचं (फक्त सिग्नलच्या वायरची ग्राउंड जोडणी सोडवणारं) बटन असतं. घूंऽऽ आला की आधी ते दाबून पाहा. एकच चॅनल असेल तर कीबोर्डच्या "एल/मोनो" मधूनच काढा. नुसत्या "आर" मधून काढलं तर स्टिरिओ पियानोचे अर्धे सूर कुठे गेले ते कळत नाही. ट्रॅक लॅपटॉपवरून वाजत असेल तर चार्जर काढून पाहा, बऱ्याचदा तोच चोर असतो.

आता महत्त्वाचं. घूंऽऽ घालवायला काही मुलं थ्री-पिनची अर्थची पिनच काढून टाकतात किंवा वायर तोडतात. हे चालू द्यायचं नाही, कार्यक्रम थांबला तरी बेहत्तर. कोजागिरीला लॉनवर दव पडतं, गालिचा ओला, जनरेटरला अर्थिंग आहे की नाही देव जाणे, आणि गायिकेचे ओठ माइकच्या जाळीला. एक साधा मल्टिमीटर सोबत ठेवा. स्टेजच्या बोर्डावर फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास हवं, न्यूट्रल-अर्थ २-३ व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थ शून्य दाखवत असेल तर फेज-अर्थही मोजा. तिथेही २३० च्या आसपास आलं नाही तर अर्थ लागलेलाच नाही असं धरा. मग एक टोक माइकच्या जाळीला आणि दुसरं कीबोर्डच्या जॅकच्या धातूला लावा. तिथे दोन-चार व्होल्टपेक्षा जास्त आलं, तर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

स्टेज आणि मिक्सर एकाच फेजवर घ्या. लायटिंगचे डिमर दुसऱ्या फेजवर.

ढोलकी_महाल
मी म्हणतो एवढी कटकट काऊन करायची? स्वतःचा छोटा ८ चॅनलचा मिक्सर न्या, सगळं तिथेच बॅलन्स करा आणि त्या पोराला फक्त एल-आर (डावं-उजवं तयार मिश्रण) द्या. त्याच्या हातात काही ठेवायचंच नाही. कानात इअरफोन लावले तर मॉनिटरचीही भानगड मिटली.

फेडर_रेशीमबाग
भाऊ, दिवाणखान्यातल्या मैफलीला ठीक आहे. पण कानातल्या इअरफोनवर केलेला बॅलन्स समोर बरोबर वाजत नाही. छोट्या हॉलमध्ये तबला माइकशिवायही समोर पोचतो, उघड्या लॉनवर पोचत नाही. समोर आवाज दबले तर एल-आर मधून एकटा आवाज वर काढता येत नाही. मधला रस्ता: वाद्यं तुमच्या मिक्सरवर एकत्र करून एक लाइन, आणि दोन्ही आवाज व निवेदन सरळ त्याच्या मिक्सरवर. एकूण चारच फेडर, तेवढे कुणालाही सांभाळता येतात.

आणखी एक. तुमच्या मिक्सरचा मेन आउट लाइन लेव्हलचा (माइकपेक्षा खूप तगडा) असतो. तो त्याच्या माइक इनपुटमध्ये घातला तर गेन शून्यावर असूनही फाटतो. लाइन इनपुटमध्ये द्या, नाहीतर २० डीबीचा पॅड (सिग्नल कमी करणारं बटन) दाबायला सांगा.

बर्डीकर
तांत्रिक बाजू सगळ्यांनी सांगितली, माणसाची कुणीच नाही सांगितली. तो पोरगा सकाळपासून मंडप बांधून राहिला असतो. गेल्या गेल्या नाव विचारा, चहा पाजा, आणि तुमच्याकडून एकानेच त्याच्याशी बोला. सहा जण सहा सूचना देऊन राहिले तर तो सगळ्यांकडे पाठ फिरवतो. चालू कार्यक्रमात माइकवरून "जरा मॉनिटर वाढवा ना" म्हणणं बंद करा. लोकांसमोर अपमान झाला की तो मुद्दाम ऐकत नाही. खुणा ठरवा: बोट आधी स्वतःकडे, मग वर किंवा खाली.

आणि गाणी पाठ असलेला एखादा विद्यार्थी मिक्सरजवळ बसवा. "आता बासरीचा पीस येते" एवढं जरी त्याने वेळेवर सांगितलं तरी पुष्कळ.

एकोसाठी "एको काढा" म्हणू नका, तो कोपऱ्यातला दुसराच पॉट फिरवतो. इफेक्टचा रिटर्न (एको किती मिसळायचा ते ठरवणारा पॉट) कोणता ते त्याच्याकडूनच दाखवून घ्या. बोलताना तो खाली, गाताना थोडा वर. मॉनिटरमध्ये अजिबात नको, ताल दुहेरी ऐकू येते.

गायिका_प्रतापनगर
खूप खूप आभार. डीआय आणि मल्टिमीटर या आठवड्यातच घेते. दोनच प्रश्न उरले. साउंड चेकला जेमतेम अर्धा तास मिळतो, तो कसा वापरायचा? आणि पेटीचा माइक नेमका कुठे?

सूर_आणि_सोल्डर
अर्ध्या तासात: पहिली ५ मिनिटं नुसता लाइन चेक, प्रत्येक चॅनलवर सिग्नल येतो की नाही एवढंच. मग मॉनिटरमध्ये आधी दोन्ही आवाज, कारण शिट्टीआधीची जागा त्यांनाच कमी पडते. बाकी वाद्यं त्यांच्याभोवती आणि फक्त गरजेपुरती. "हॅलो, वन टू" नको, सगळ्यात चढा अंतरा पूर्ण आवाजात गा. सगळे माइक उघडे ठेवून मॉनिटर हळूहळू वाढवा. शिट्टी लागेल ती फ्रिक्वेन्सी मोबाइलच्या स्पेक्ट्रम ॲपवर दिसते. ३१ बँडचा ग्राफिक इक्वलायझर असेल तर तिथे ३ ते ६ डीबी कापा. चार-पाच ठिकाणांहून जास्त कापावं लागलं तर मॉनिटरची जागा चुकली आहे, आवाज नाही. शेवटची दहा मिनिटं सगळ्यांनी मिळून एक पूर्ण गाणं.

पेटीचा आवाज वरून निघतो आणि भात्याच्या बाजूनेही. माइक भात्याच्या अगदी समोर ठेवला तर हवेचा फुस्स आवाज येतो. समोरून, पट्ट्यांच्या मध्यावर, २०-२५ सेंमी अंतरावर, थोडा वरून खाली पाहणारा. वरचं झाकण उघडं ठेवलं तर आवाज खुलतो, गेन कमी लागतो आणि शिट्टीही मागे सरते. १०० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचे खर्जाचे आवाज कापणारं बटन) दाबा, २५०-३०० च्या आसपास डबा वाजल्यासारखं वाटलं तर तिथे ३ डीबी कमी. पेटी आणि तबल्याच्या मधे निदान हातभर जागा ठेवा, नाहीतर पेटीच्या माइकमध्ये तबलाच जास्त येतो.

तबल्याला एसएम५७ माइक, शाईपासून १०-१२ सेंमी वर. डग्ग्याला तसाच वेगळा, पण त्याचा लो-कट बंद हवा. ऑपरेटर सगळ्या चॅनलवर सवयीने दाबून ठेवतो आणि मग डग्गा पत्र्यासारखा वाजला म्हणून बास वाढवत बसतो. बासरीला माइक फुंकीच्या छिद्रासमोर नको, छिद्र आणि बोटांच्या मधल्या भागावर १५ सेंमीवर, फोमची टोपी घालून. टोप्या स्वतःच्या न्या. सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतात, आणि साउंडवाल्याच्या टोप्यांना पान-खर्ऱ्याचा वास असतो.