मदत हवी आहे: गाणं बसलं, संवादाचा सीन अडलाय

नृत्यदिग्दर्शनातून दिग्दर्शनात येताना सोलापुरात 12 मिनिटांची शॉर्टफिल्म करतेय. गाण्याचं गणित पक्कं आहे: सेकंदाला 48 फ्रेमवर स्लो घ्यायचं तर सेटवर गाणं (प्लेबॅक) दुप्पट वेगाने लावायचं, मग 24 वर दाखवताना ओठ जुळतात. घोडं अडतंय संवादात. नट नाचातल्यासारखे आठच्या मोजणीत मार्कवर (जमिनीवर टेपने आखलेल्या जागेवर) येतात नि वाक्य पाठ केल्यासारखं पडतं. मार्कची टेप काढली की फोकस सुटतो. 50 एमएम लेन्सला एफ 1.8 वर (लेन्सचं छिद्र मोठं, म्हणून फोकसची पट्टी अरुंद) अर्धं पाऊलही महागात! एफ 4 केलं तर दोन स्टॉपहून जास्त उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), आणि सीन संध्याकाळचा. तालमीत ही मोजणी कशी मोडायची?

शिवाय सिद्धेश्वर तलावाकाठी वारा असतो. बूमचं (दांड्यावरच्या माइकचं) वारा अडवणारं फर कव्हर इथे भाड्याने मिळेल, की पुण्याहूनच आणायचं?