मदत हवी आहे : भाऊबीजेच्या जेवणासाठी ओव्हनमधले सोपे तोंडीलावणे

गुलबक्षी
भाऊबीजेला दोन्हीकडची मंडळी आमच्याकडे दुपारच्या जेवणाला येणार आहेत. श्रीखंड-पुरी, मसालेभात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि अळूचे फदफदे हा बेत ठरलेला असून त्यात काहीही बदलणार नाही, त्यामुळे कृपया बेत बदलण्याच्या सूचना करू नयेत. मला त्याच्या जोडीला ओव्हनमध्ये होणारे एखादे तोंडीलावणे हवे आहे, ज्याची तयारी आदल्या रात्री करून ठेवता येईल आणि सकाळी ज्याच्यापाशी मला उभे राहावे लागणार नाही. पुऱ्यांसाठी एक माणूस आधीच कढईपाशी अडकलेला असतो, म्हणून आणखी तळण नको. मागच्या वर्षी बेक्ड व्हेजिटेबल केले होते, पण ताटात वाढताच त्याला पाणी सुटले आणि ते श्रीखंडाच्या वाटीपर्यंत पोहोचले. व्हिडिओ पाहून मी कंटाळले आहे, कारण प्रत्येकाचे माप वेगळे असते. स्वतः करून पाहिलेली कृतीच द्यावी आणि शक्यतो लवकर द्यावी. शनिवारी मंडईत जायचे आहे.

रानजाई
कृती देता येईल, परंतु माणसे किती आहेत, ओव्हन कोणता आहे आणि तो किती लिटरचा आहे, हे कळल्याशिवाय दिलेले माप तुमच्या उपयोगी पडणार नाही. मागच्या वर्षी कोणत्या भाज्या घातल्या होत्या आणि सॉसला दूध व मैदा किती घेतला होता, हेही लिहा.

भट्टीसम्राट
माझे स्पष्ट मत असे आहे की ओव्हन पेटवायचाच असेल तर घरी लादीपाव करावेत. कणीक आणि मैदा निम्मे-निम्मे घेऊन, आदल्या रात्री पीठ भिजवून फ्रिजमध्ये ठेवले तर ते रात्रभरात सावकाश फुगते आणि सकाळी थाळ्यात मांडून २०० अंशांवर वीस-बावीस मिनिटांत पाव तयार होतात. एकदा घरचा पाव खाल्ल्यावर मंडळी पुरीकडे वळणार नाहीत.

गुलबक्षी
पुरी असताना पाव कशाला? मी तोंडीलावणे विचारले आहे.

मुळाकाठ
वांग्याच्या जाड चकत्या तेल लावून आधी भाजून घ्याव्यात, मग त्यावर कांदा-लसणाची परतलेली टोमॅटोची ग्रेव्ही आणि किसलेले चीज असे थर द्यावेत आणि वरचा थर खरपूस होईपर्यंत भाजावे. आमच्या घरी पाहुण्यांसाठी हा पदार्थ ठरलेला आहे. आदल्या दिवशी थर लावून ठेवले तर चव अधिक मुरते.

सुगरण नव्हे
धागाकर्तीच्या घरी चातुर्मास पाळत असतील तर वांगे आणि कांदा-लसूण तिन्ही बाद होतात, हे आधी विचारायला हवे होते. भाऊबीज कार्तिकी एकादशीच्या आधी येते, आणि वांगे तर कित्येक घरांत चंपाषष्ठीनंतरच सुरू होते.

मुळाकाठ
आजकाल चातुर्मास किती जण पाळतात? शिवाय त्यांनी तसे काहीही लिहिलेले नाही.

गुलबक्षी
सासूबाई पाळतात. भाऊबीजेचे जेवण म्हटल्यावर ते वेगळे लिहावे लागेल असे मला वाटले नाही. अंडेही चालणार नाही. माणसे मुलांसह पंचवीसच्या आसपास आहेत. ओव्हन साधाच आहे, वर-खाली नळ्या तापतात तो. बहुधा तीस लिटरचा असावा. मागच्या वर्षी फ्लॉवर, सिमला मिरची, टोमॅटो, मशरूम आणि गाजर घातले होते. सॉस अंदाजाने केला होता.

दुपारचा चहा
बेक्ड व्हेजिटेबल हाच पदार्थ कन्व्हेक्शनच्या मायक्रोवेव्हमध्ये करून पाहा. आत पंखा असल्यामुळे गरम हवा सगळीकडे सारखी फिरते, कृतीत दिलेल्यापेक्षा तापमान वीस अंशांनी कमी ठेवले तरी चालते आणि भांडे मधेच फिरवून ठेवावे लागत नाही. मी ओटीजी (वर-खाली नळ्यांचा ओव्हन-टोस्टर-ग्रिल) कधीच देऊन टाकला.

भट्टीसम्राट
मायक्रोवेव्हमध्ये वरचा थर लाल होत नाही, फक्त गरम होतो. जिथे वरून लाल तापलेली नळी नाही, तिथे बेकिंगची गोष्ट करू नये.

दुपारचा चहा
आपण कन्व्हेक्शन आणि मायक्रोवेव्ह या दोन वेगळ्या पद्धतींची गल्लत करीत आहात. कन्व्हेक्शनवर माझ्या घरी नानकटाईसुद्धा खुसखुशीत होते, आणि वरून लाली हवी असेल तर शेवटची पाच मिनिटे ग्रिल लावता येते.

अर्धवट पुणेकर
नानकटाईवरून सांगतो. आमच्या लहानपणी दिवाळीच्या आधी पुण्यात पेठेतल्या बेकरीत रवा, मैदा, तूप आणि पिठीसाखर नेऊन द्यायची आणि तयार नानकटाई पत्र्याच्या डब्यात भरून आणायची पद्धत होती. ओळखीच्या बेकरीवाल्याने हो म्हटले तर पंचवीस जणांसाठी लागणारे दोन्ही थाळे त्याच्या भट्टीत एका वेळी होतील. ते जमत नसेल तर कॅम्पातून पॅटीस आणून पुन्हा गरम करावेत आणि येताना कयानी बेकरीची श्रूजबेरी बिस्किटेही घ्यावीत, मुले खूश होतात.

गुलबक्षी
भाऊबीजेच्या सकाळी थाळे घेऊन बेकरीत कोण जाणार? आणि पॅटीसमध्ये कांदा असतो. कृपया विषयावर या.

रानजाई
आता नेमके बोलता येईल. पाणी सुटले ते मुख्यतः भाज्यांच्या निवडीमुळे. टोमॅटो, मशरूम आणि सिमला मिरची यांच्यात पाणी पुष्कळ असते आणि ते कच्चेच सॉसमध्ये गेले की ओव्हनच्या उष्णतेने बाहेर येऊन सॉस पातळ करते. त्याऐवजी फ्लॉवर एक किलो आणि गाजर, फरसबी व फ्रोझन मटार प्रत्येकी अर्धा किलो असे घ्या. या दिवसांत ताजा मटार महाग असतो आणि चवीलाही बेताचाच असतो. फ्लॉवर, गाजर आणि फरसबी वेगवेगळी, उकळत्या मिठाच्या पाण्यात, दाताखाली किंचित करकरीत लागेल इतकीच शिजवा. मटारावर नुसते कढत पाणी ओतले तरी पुरते. नंतर सगळ्या भाज्या चाळणीत निथळून घ्या आणि स्वच्छ पंचावर पसरून त्यांच्यातली वाफ पूर्ण जाऊ द्या. गरम भाजी तशीच डब्यात भरली तर झाकणाला जमलेले पाणी पुन्हा तिच्यातच पडते, आणि बहुतेकांचा पदार्थ तिथेच बिघडतो.

सॉससाठी सव्वा लिटर दूध, १०० ग्रॅम बटर आणि १०० ग्रॅम मैदा हे माप पंचवीस जणांच्या तोंडीलावण्याला पुरते. बटर वितळल्यावर मैदा मंद आचेवर परता, पण त्याचा रंग बदलू देऊ नका. मग कोमट दूध थोडे थोडे घालत ढवळत राहा. सॉस उकळू लागल्यावरही पाच-सात मिनिटे शिजवा, नाहीतर मैद्याचा कच्चा वास राहतो. पळी बुडवून बाहेर काढल्यावर तिच्या पाठीवर बोटाने रेघ ओढावी. रेघेच्या दोन्ही कडा ओघळून मिळाल्या नाहीत, म्हणजे सॉस झाला. त्यात मीठ, मिरपूड आणि थोडे जायफळ घाला. कांदा-लसूण नसला तरी काही अडत नाही. वर घालायला २०० ग्रॅम प्रोसेस्ड चीज किसून ठेवा.

सुगरण नव्हे
मैद्याऐवजी कणीक वापरली तर पौष्टिक होईल.

रानजाई
सॉस दाट होईल, परंतु रंग मळकट दिसेल आणि कोंड्यामुळे तो जिभेवर किंचित खरखरीत लागेल. रोजच्या जेवणाला हरकत नाही, सणाच्या ताटात मी करणार नाही.

चिंचगूळ
मला या सगळ्या पांढऱ्या प्रकारापेक्षा भाजलेली कोथिंबीर वडी अधिक योग्य वाटते. उंडे आदल्या रात्री वाफवून फ्रिजमध्ये ठेवावेत, सकाळी वड्या कापून त्यांना दोन्ही बाजूंनी तेल लावावे, तीळ भुरभुरावेत आणि २०० अंशांवर, मधे एकदा उलटून, वीस-पंचवीस मिनिटे भाजाव्यात. त्या गरमच वाढल्या पाहिजेत असे नाही, त्यामुळे लहान ओव्हनमध्ये एकामागून एक घाणे काढता येतात. बेक्ड व्हेजिटेबल गार झाले की ते कोणी खात नाही, ही त्याची खरी अडचण आहे.

भट्टीसम्राट
भाजलेली कोथिंबीर वडी कोरडी होते. ती तळावीच लागते.

चिंचगूळ
पिठात मोहन घातले आणि भाजण्याआधी तेलाचा हात फिरवला तर कोरडी होत नाही. आपण करून पाहिली आहे का?

गुलबक्षी
कोथिंबीर वडी वहिनी घरून तळून आणणार आहे, म्हणून मी ती लिहिली नाही. मुलांनी चीजचा हट्ट धरला आहे, त्यामुळे बेक्ड व्हेजिटेबलच करीन. प्रश्न एवढाच आहे की दोन थाळे एकाच वेळी गरम कसे वाढायचे. वहिनी तिचा ओव्हनही आणणार आहे, तेव्हा दोन्ही ओव्हन शेजारी शेजारी लावीन.

फ्यूज
येथे थांबावे. दोन्ही ओव्हन किती वॅटचे आहेत आणि स्वयंपाकघरात १६ अँपिअरचे सॉकेट किती आहेत? तीस लिटरच्या आसपासचा ओटीजी साधारणपणे १५०० वॅटचा असतो, म्हणजे २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर विजेचा प्रवाह घेतो. ६ अँपिअरच्या सॉकेटवर तो लावू नये, आणि एकाच सॉकेटवर एक्स्टेंशन बोर्ड लावून दोन ओव्हन तर मुळीच लावू नयेत. शिवाय त्याच वेळी मिक्सर आणि इंडक्शन चालू असले तर एमसीबी (जादा भार आल्यास वीज तोडणारा खटका) पडेल आणि पंगत अंधारात नसली तरी ओव्हन थंड होतील. भाऊबीज गुरुवारी, म्हणजे दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याच्या नेहमीच्या वारी, येत असेल तर आपल्या भागात त्या दिवशी दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार नाही ना, याचीही आधी चौकशी करावी.

गुलबक्षी
१६ अँपिअरचे एकच आहे, आणि त्यावर माझा ओव्हन असतो. दुसरे बेडरूममध्ये एसीचे आहे.

फ्यूज
एसी बंद ठेवून त्या सॉकेटवर दुसरा ओव्हन लावावा. ते सॉकेट भिंतीवर उंच असते आणि ओव्हनची वायर आखूड असते, तेव्हा ओव्हन ठेवायला भक्कम, उंच आणि सपाट बैठक लागेल. स्टूल डगमगणारे नसावे, ओव्हनच्या मागे व बाजूंना चार बोटे मोकळी जागा सोडावी, पडदा दूर बांधावा आणि लहान मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नये.

दुपारचा चहा
दोन ओव्हनची यातायात करण्यापेक्षा एका ओव्हनमध्ये वर-खाली दोन थाळे का ठेवू नयेत?

रानजाई
ओटीजीमध्ये वरचा थाळा खालच्या थाळ्याच्या आणि वरच्या नळीच्या मध्ये येतो, त्यामुळे वरचा करपू लागतो आणि खालचा पांढराच राहतो. मधे अदलाबदल करावी लागते आणि दर वेळी दार उघडल्यावर तापमान उतरते. तीस लिटरच्या ओव्हनमध्ये एका वेळी एकच थाळा ठेवावा.

गुलबक्षी, थाळे विकत घेण्याआधी दोन्ही ओव्हनच्या आतले माप घ्या. बाहेरून मोठा दिसणारा ओव्हन आत बराच लहान असतो, आणि थाळ्याचे माप काढताना त्याचे कान मोजायचे राहून जातात. चारही बाजूंना निदान इंचभर जागा मोकळी राहिली पाहिजे. अॅल्युमिनियमचे दोन-अडीच इंच खोल थाळे रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतील. काचेची भांडी घरात असतील तर ती फ्रिजमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घालू नका, तडकू शकतात.

गुलबक्षी
म्हणजे रात्री थाळे भरून फ्रिजमध्ये ठेवायचे? फ्रिजमध्ये श्रीखंडाचे पातेले आहे. दोन थाळे मावणार नाहीत.

रानजाई
थाळे भरूच नका. निथळलेल्या भाज्या एका डब्यात आणि सॉस दुसऱ्या डब्यात, असे वेगवेगळे ठेवा. जागाही कमी लागते, आणि रात्रभर भाजी सॉसमध्ये राहिली नाही की पाणी सुटण्याची शक्यता आणखी कमी होते. सॉस निवल्यावर त्याच्या पृष्ठभागाला चिकटेल असा बटर पेपर लावा, म्हणजे साय धरणार नाही. दुधाचा पदार्थ असल्यामुळे तो दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका. सकाळी सॉस घट्ट झालेला असेल. त्यात अर्धी वाटी गरम दूध घालून मंद आचेवर सारखा करा आणि भाज्यांसह थाळ्यांत भरा. पाने मांडण्याच्या चाळीस मिनिटे आधी, २०० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये दोन्ही नळ्या चालू ठेवून थाळे ठेवा. भाज्या फ्रिजमधल्या असल्या तरी सॉस गरम असल्यामुळे अर्ध्या तासात कडेने बुडबुडे येऊ लागतील. शेवटी पाच मिनिटे फक्त वरची नळी चालू ठेवा आणि थाळे बाहेर काढल्यावर दहा मिनिटे तसेच राहू द्या. लगेच वाढले तर सॉस पुन्हा पातळ वाटेल.

मुळाकाठ
वर ब्रेडचा चुरा घातल्याशिवाय मजा येत नाही, हे राहिलेच.

गुलबक्षी
चुरा रात्रीच चीजमध्ये मिसळून ठेवू का? सकाळी तेवढेच एक काम कमी होईल.

रानजाई
चुरा चीजमधला ओलावा शोषून घेतो आणि मग तो कुरकुरीत होत नाही. दोन्ही वेगळे ठेवा. चुऱ्याला चमचाभर वितळलेले बटर चोळून घ्या, आधी चीज आणि त्यावर चुरा असे थाळे ओव्हनमध्ये घालण्याच्या क्षणी पसरा. हे काम पुरीपाशी नसलेले कोणीही करू शकेल.

भट्टीसम्राट
ब्रेडचा चुरा विकतचा घेऊ नये. लादीपाव घरी केलेत तर उरलेल्या दोन पावांचा चुरा आपोआप मिळेल.