मदत हवी आहे: गुलमोहराच्या बुडाशी तांबडे कान फुटलेत, झाड हिरवंगार आहे आणि शेजारचे काका ऐकत नाहीत (इंदूर)

ओटल्यावरची:

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरला जुन्या वस्तीत राहतो. गल्लीचं नाव देत नाही. काका काही हे वाचणार नाहीत, पण त्यांची नात वाचते.

आमच्या गल्लीत एका रांगेत नऊ गुलमोहर होते. चाळीसेक वर्षांपूर्वी सगळे एकाच दिवशी लावले असं जुने लोक सांगतात. आता आठ उरलेत. जुलैत एका पहाटे कोपऱ्यावरचा आडवा झाला. वादळ नाही, काही नाही, नुसती भुरभुर आणि थोडा वारा. खाली उभ्या असलेल्या एका स्कूटरचा चुराडा झाला. पाच वाजता दूधवाला नेमका तिथेच उभा राहतो, त्या दिवशी त्याला उशीर झाला म्हणून वाचला.

मी जाऊन बुंधा पाहिला. मांडीएवढी मुळं हवीत तिथे भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी होतं, पांढरट, ओढलं की तंतू तंतू सुटणारं. आणि वर पानं अशी भरगच्च की विचारू नका. मे महिन्यात नेहमीसारखं फुललंही होतं.

मग बाकीच्या झाडांच्या बुडाशी वाकून पाहिलं. रस्त्यावरच्या तिसऱ्या झाडाला आणि शेजारच्या काकांच्या कंपाउंडमधल्या झाडाला जमिनीलगत तांबडे कान फुटलेत. वरून व्हार्निश मारल्यासारखे चकचकीत, कडेला पांढरी किनार, खालून मळकट पांढरे. काकांच्या फाटकाजवळच्या पायरीवर रोज सकाळी तपकिरीसारखी पूड पडलेली असते. आधी वाटलं कोणीतरी खरंच तपकीर सांडतंय. बोटाने पुसली की परत दुसऱ्या दिवशी हजर.

काका दर रविवारी खुरप्याने ते कान खरवडतात, वर हळद आणि चुना लावतात आणि मला हाक मारून दाखवतात, "बघ, गेलं." दहा-बारा दिवसांत पुन्हा येतात. झाड काकूंनी लावलेलं. काकूंना जाऊन सहा वर्षं झाली. त्यामुळे "काका, हे काढावं लागेल" हे वाक्य माझ्या तोंडून अजून पुरतं निघालेलं नाही.

एक कबुली देते. पाच वर्षांपूर्वी आम्ही रहिवाशांनीच वर्गणी काढून फुटपाथवर पेव्हर ब्लॉक बसवले, अगदी खोडाला चिकटवून. कडेची ओळ सरळ यावी म्हणून ठेकेदाराच्या माणसांनी मुळं गैंतीने (टिकावाने) तोडली. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि "चिखल तरी जाईल" म्हणून समाधान मानलं होतं. हिशेबाची वही माझ्याकडे होती, तेव्हा हे पाप निम्मं माझं.

रस्त्यावरच्या झाडासाठी तक्रार नोंदवली. एक गृहस्थ बघायला आले, चांगले बोलले. "दीदी, कटवाना है या छँटाई?" म्हणाले. मी म्हटलं, बीमार है. त्यांनी वर पाहिलं. "हरा तो है." खरंच हिरवं होतं हो, त्यांचं तरी काय चुकलं.

तर विचारायचं असं की हा रोग कोणता आणि यावर औषध आहे का. झाड खाजगी आवारात असेल आणि मालक नाही म्हणत असेल तर स्थानिक प्रशासनाला काही करता येतं का. उरलेली सहा झाडं कशी वाचवायची. आणि काकांशी बोलायचं कसं, हेही कोणाला सुचत असेल तर.

पानगळ:

ताई, तुमचं वर्णन फोटोइतकंच बोलकं आहे. हा बहुधा गॅनोडर्मा. चकचकीत पाठ, पांढरी किनार आणि तपकिरी पूड, ही तिन्ही त्याचीच लक्षणं. ती पूड म्हणजे बीजाणू. गुलमोहर, शिरीष, करंज, सुबाभूळ अशा झाडांची मुळं आणि बुंधा ही बुरशी आतून कुजवते. लाकडाला ताठपणा देणारा भागच ती खाते, म्हणून ते पांढरट, तंतूंचं उरतं. पाणी वर नेणारा बाहेरचा थर बराच काळ शाबूत राहतो, त्यामुळे झाड पडेपर्यंत हिरवं दिसू शकतं. पानांकडे बघून याचा अंदाज करायचाच नाही.

काका खरवडतात ते नुसतं फळ आहे, आंबा तोडावा तसं. बुरशीचं अंग आत लाकडात पसरलेलं आहे. उलट खुरप्याने साल जखमी होते. जखम हाच तिचा दरवाजा, मग ती खुरप्याची असो की गैंतीची.

औषधाचं स्पष्ट सांगतो. कान बाहेर दिसू लागले की बुडाशी बुरशीनाशक ओतून झाड बरं होत नाही. कोणी कार्बेन्डाझिमचं ड्रेंचिंग सुचवेल, पैसे घालवू नका. ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) आणि निंबोळी पेंड शेजारच्या निरोगी झाडांच्या मातीत द्या. त्याचा थोडाफार उपयोग संरक्षणासाठी होतो, इलाज म्हणून नाही.

आता एक काम करा. जाड लाटण्याने बुंध्यावर चहूबाजूंनी ठोकून आवाज ऐका. भरीव आणि पोकळ यांतला फरक कळतो. मग पेन्सिलीएवढ्या जाडीची लोखंडी सळई बुडाशी, मुळांच्या बेचक्यात दाबून बघा. निरोगी लाकडात ती शिरत नाही. ड्रिलने भोकं मात्र पाडू नका. आणि गाड्या आजच्या आज तिथून हलवा.

खात्री हवी असेल तर एक कान कागदी पिशवीत घालून (प्लास्टिकमध्ये सडतो) तुमच्याच गावच्या कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्र विभागात दाखवा. हे महाविद्यालय म्हणजे जिथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 पासून काम करून 'इंदूर पद्धतीचं' कंपोस्ट जगाला दिलं, तीच संस्था पुढे वाढलेली. वनवृक्षांसाठी जबलपूरची उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थाही आहे. लेखी निदान हातात असलं की "हरा तो है" ला उत्तर मिळतं.

कोकण्या:

थोडं अवांतर. आमच्याकडे फणसाच्या खोडावर असंच लाकडासारखं कडक येतं, त्याला फणसांबा म्हणतात. पोरांचं तोंड आलं की आजी उगाळून लावायची. त्यामुळे काकांना ते औषधी वाटत असेल तर नवल नाही.

पानगळ:

फणसांबा वेगळ्या कुळातला आहे. ताई, कृपया गुलमोहराचं काही उगाळू नका.

काळा_कोट:

कायद्याचं बोलतो. मध्य प्रदेशात शहरी भागातल्या झाडांसाठी 2001 चा वृक्ष परिरक्षण अधिनियम आहे. त्याप्रमाणे झाड स्वतःच्या आवारात असलं तरी तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. म्हणजे उद्या काका तयार झाले तरी परस्पर लाकूडतोड्याला बोलावू नका, अर्ज करावाच लागेल. अर्जात "पेड़ रोगग्रस्त है, जड़ें सड़ चुकी हैं, गिरने से जनहानि की आशंका है" अशी भाषा वापरा आणि निदानाचा कागद जोडा. नुसतं "कटवाना है" लिहिलं तर तुम्हाला गाडी लावायला जागा हवीय असंच वाचणाऱ्याला वाटतं. रस्त्यावरच्या झाडासाठी महापालिकेच्या 311 ॲपवर बुंध्याचे फोटो टाका, फांद्यांचे नकोत. दाद लागली नाही तर मुख्यमंत्री हेल्पलाइन 181 आहेच.

मालक ऐकतच नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 152 बघा. 1 जुलै 2024 च्या आधी हेच दंड प्रक्रिया संहितेचं 133 होतं. पडून कोणाला इजा होईल अशा अवस्थेतलं झाड काढा किंवा त्याला आधार द्या, असा सशर्त आदेश कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे व्यवहारात एसडीएम (उपविभागीय दंडाधिकारी), मालकाला देऊ शकतात. मालकाला हरकत सांगायची संधी असते. पण या कलमाचा विषय "पडू शकणारं झाड" आहे, "रोगी झाड" नाही. रोग पसरू नये म्हणून झाड काढायला लावण्याचा मार्ग यातून मिळत नाही. आणि वकील असूनही सांगतो, सहा वर्षांपूर्वी बायको गेलेल्या माणसाला पहिली नोटीस पाठवू नका.

बर्फातला_पुणेकर:

मी अमेरिकेत मिनियापोलिसला आहे. रोगी झाड काढायला लावणारा कायदा इथे आहे, म्हणून सांगतो. आमच्या रस्त्यांवर एल्म वृक्षांच्या कमानी होत्या. डच एल्म रोग आला आणि 1977 या एका वर्षात शहरातले तीस हजारांवर एल्म गेले. मिनेसोटा राज्याने सत्तरच्या दशकात सावलीच्या झाडांच्या रोगांसाठी कायदा केला आणि गावोगावी वृक्ष निरीक्षक नेमले. निरीक्षक खाजगी आवारातही येऊन झाड तपासतो. रोग ठरला की खोडाला रंगाचा पट्टा मारतात आणि मालकाला मुदत मिळते. मुदतीत काढलं नाही तर शहर काढतं आणि खर्च मालमत्ता कराच्या बिलात येतो. सालीसकट एल्मचं सरपण परसात रचून ठेवायलाही बंदी, कारण रोग पसरवणारे भुंगेरे त्याच सालीखाली अंडी घालतात.

माझ्या शेजारणीच्या झाडावर पट्टा पडला त्या दिवशी ती निरीक्षकाशी तासभर भांडली होती. माणसं तिथून इथून सारखीच.

गंमत पुढे आहे. एल्म गेले तिथे लोकांनी धडाधड ॲश लावले, पुन्हा रांगेने एकच जात. 2009 मध्ये शेजारच्या सेंट पॉलला ॲश पोखरणारा हिरवा भुंगेरा सापडला आणि तेव्हापासून ॲश काढणं चालू आहे. तुमचे नऊ गुलमोहर वाचून तेच आठवलं. रिकाम्या जागी परत गुलमोहर नको.

आणखी एक. एल्मचा आणि ओकचा रोग मुळांमुळांतूनही शेजारच्या झाडात जातो, म्हणून इथे मध्ये खोल चर मारून मुळं तोडतात. गॅनोडर्माला हे चालतं का?

पानगळ:

चालतं. नारळावर हाच गॅनोडर्मा तंजावर विल्ट म्हणून कुप्रसिद्ध आहे, तिथे रोगी माडाभोवती मीटरभर खोल, फूटभर रुंद चर मारायला सांगतात. पण ती वाडी. गल्लीत चर मारताना नळ, ड्रेनेज, केबल सगळं येणार. आणि चर निरोगी झाडाजवळ मारलात तर त्याचीच धरून ठेवणारी मुळं तुटतील, म्हणजे गैंतीचाच प्रकार पुन्हा. चर रोगी झाडाच्या बाजूला हवा. खरा उपाय म्हणजे रोगी झाड काढल्यावर खुंट आणि जाड मुळंही उपसून काढणं. नुसतं कापून खुंट ठेवला तर बुरशी त्यावर वर्षानुवर्षं जगते आणि शेजारच्या मुळाला टेकते.

सहा झाडांभोवतीचे पेव्हर मात्र उखडाच. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 मध्ये दिल्लीसाठी झाडाभोवती मीटरभर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितलं होतं. आदेश दिल्लीचा असला तरी अर्जात उल्लेख करायला हरकत नाही.

नर्मदाकाठ:

आमच्या कडुनिंबाचे शेंडे पावसाळ्यानंतर तपकिरी पडून वाळतात. हाच रोग का? माळी म्हणतो तोडून टाका.

पानगळ:

हा तो नव्हे. शेंडेच वाळत असतील तर ती फोमॉप्सिस बुरशी असावी, कधी जोडीला ढेकण्या (रस शोषणारा किडा). 2021 मध्ये तेलंगणात झाडंच्या झाडं अशी तपकिरी झाली होती. बहुतेक कडुनिंब पुढे नवी पालवी घेतात. बुंधा ठणठणीत असेल तर माळ्याला चहा पाजून परत पाठवा.

ओटल्यावरची:

सगळ्यांचे आभार. सांगायला उशीर झाला.

निदान झालं, गॅनोडर्माच. कागद मिळाला. काकांना तो दाखवला नाही. रविवारी ते खुरपं घेऊन बसले होते तेव्हा सळई घेऊन गेले. रस्त्याकडच्या बाजूला दाबली आणि जोर न लावता वीतभर आत गेली. काका बघत होते. त्यांनी माझ्या हातातून सळई घेतली, उठून घराकडच्या बाजूला गेले आणि तिथे स्वतः दाबली. तिथेही गेली. पंच्याने सळई पुसून मला परत दिली आणि आत निघून गेले. मी काहीच बोलले नाही, काय बोलणार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नात कागद घेऊन आली. काका पोस्टात होते, अक्षर अजून छापल्यासारखं. वृक्ष अधिकाऱ्यांच्या नावे हिंदीत अर्ज. काळा_कोट यांनी सांगितलेली सगळी वाक्यं होती (नात वाचते म्हटलं ना). शेवटी एक जास्तीची ओळ होती: "यह पेड़ मेरी पत्नी ने लगाया था।" अर्जात तिची काही गरज नाही. मी खोडली नाही. दोन्ही झाडांचे अर्ज एकत्र दिले.

काकांनी वाळलेल्या शेंगा काढून ठेवल्यात. बियांतून हा रोग येतो का? आणि त्या रुजवायच्या कशा?

पानगळ:

बियांतून येत नाही. बीचं कवच कडक असतं. टोकाला कानशीने थोडं घासा, कोमट पाण्यात टाकून रात्रभर तशाच राहू द्या, फुगलेल्या तेवढ्या पेरा. त्या खड्ड्यात लावू नका, घरापासून लांब मोकळी जागा बघा. गल्लीत करंजही नको, त्यालाही हा लागतो. कडुनिंब, बकुळ, जांभूळ असं मिसळून लावा.

ओटल्यावरची:

बकुळ काकांना चालेल. सोमवारी पाहणीला येणार आहेत. तोवर दोन्ही झाडांखालच्या गाड्या हलवल्यात आणि दूधवाल्याला समोरच्या बाजूला उभं राहायला सांगितलंय. तो म्हणतो तिकडे कुत्री आहेत.